सत्तेचाळीस मार्क

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलले तसंच छापायला दिलं आहे.)



मला सांगण्यात आलं होतं, 'आरोग्य आणि जात' यावर बोला. विषय मोठा आहे, त्यावर मोठी माणसं बोलतील. मी नर्स आहे. अकरा वर्षं वॉर्डात काढली, आता नर्सिंग कॉलेजात शिकवते. म्हणून मी मार्कांवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मार्कांवर काय बोलायचं? पडले तर पडले, नाही तर नाही. पण मार्क आपोआप पडत नाहीत. ते कुणीतरी देतं. देणाऱ्याला डोळे असतात, कान असतात आणि यादीतलं आडनाव वाचता येतं.

आधी माझीच गोष्ट सांगते. कॉलेजचं नाव सांगणार नाही, कारण ही एका कॉलेजची गोष्ट नाही.

२००४ साली मी बी.एस्सी. नर्सिंगला लागले. बाप नगरपालिकेत झाडू मारायचा. आमच्या खोलीत पहिली मी बारावी सायन्स झालेली. पहिल्या वर्षाला 'नर्सिंग फाउंडेशन' नावाचा विषय असतो. पेशंटला अंथरुणात अंघोळ घालणं, बेडशीट बदलणं, नाकातल्या नळीनं दूध देणं, ताप-नाडी बघणं, हे सगळं त्यात येतं. त्याचा लेखी पेपर वेगळा, प्रॅक्टिकल वेगळं. लेखीत मला ६१ मिळाले. लेखी पेपरावर नाव नसतं, नंबर असतो. प्रॅक्टिकलला नाव असतं, तोंड असतं.

प्रॅक्टिकलला मला नळीनं फीड द्यायची प्रोसिजर आली. पेशंटचं डोकं उंच केलं, नळी पोटातच आहे ना हे आतलं पाणी ओढून बघितलं, मग सावकाश फीड दिलं, शेवटी पाणी सोडून नळी धुतली. पेशंट म्हातारा होता, त्यानं हात जोडले. मग व्हायवा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं. "कुठल्या सीटवर आलीस?" सांगितलं. त्यानंतरचे सगळे प्रश्न इंग्रजीत. मला उत्तरं येत होती, पण मराठीत येत होती. मी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलले. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, जा."

निकाल लागला. सत्तेचाळीस. पासिंगला पन्नास.

आमच्या वेळचा नियम असा होता की लेखी आणि प्रॅक्टिकल यातल्या एकात नापास झालात, तर दोन्ही पुन्हा द्यायचं. म्हणजे माझे लेखीचे ६१ सुद्धा गेले. नंबरावर मिळवलेले मार्क तोंडावर दिलेल्या मार्कांनी खाल्ले. पुन्हा परीक्षेची फी. आईनं कानातलं मोडलं. होस्टेलात मी 'एटीकेटीवाली' झाले. वॉर्डात सिस्टर हाक मारायची, "ए रिपीटर, इकडं ये."

मी धीर करून ट्यूटर मॅडमना विचारलं, "मॅडम, माझे तीन मार्क कुठे गेले?" त्या म्हणाल्या, "ओव्हरऑल परफॉर्मन्स." मी म्हटलं, "कागद दाखवा." कागद नव्हता. कुठल्या पायरीला किती मार्क, कुठली पायरी चुकली, काहीच लिहिलेलं नव्हतं. एक आकडा आणि त्याच्या पुढे सही.

आता नीट ऐका. ते तीन मार्क जातीनं गेले असं मी छातीठोक सांगू शकत नाही. बाईंच्या मनात मी शिरले नव्हते. कदाचित माझी खरंच चूक झाली असेल. कदाचित माझं इंग्रजी त्यांना खटकलं असेल. कदाचित सीटचा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला असेल. मला आजही ठाऊक नाही. माझं दुखणं नेमकं हेच आहे. चूक झाली असेल तर ती मला कळायला हवी होती, म्हणजे मी सुधारले असते. अन्याय झाला असेल तर तोही कळायला हवा होता, म्हणजे मी भांडले असते. कागद नाही म्हणून शिकताही आलं नाही आणि भांडताही आलं नाही.

आणि हे फक्त माझ्या डोक्यातलं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनं केली. २००७ साली अहवाल आला. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी प्रॅक्टिकल आणि व्हायवाच्या मार्कांत पक्षपात होतो अशा तक्रारी केल्या होत्या, त्या अहवालात नोंदल्या आहेत. देशातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात ही तऱ्हा, तर तालुक्याच्या कॉलेजची गोष्टच सोडा.

आता दुसरी बाजू. वॉर्डात, कँटीनमध्ये, लग्नात, सगळीकडे ऐकू येतं, "कोट्यातली नर्स. चाळीस टक्क्यांवर आलेली. हिच्या हातनं इंजेक्शन घ्यायचं म्हणजे..." या लोकांना नियम माहीत नसतो, आणि आपल्या पोरींनाही माहीत नसतो म्हणून त्या मान खाली घालतात. नियम असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी बारावीला खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. फरक पाचाचा, आणि तोही दारात. दारातून आत गेल्यावर नर्सिंगच्या प्रत्येक विषयात पासिंग सगळ्यांना पन्नासच. पन्नासात कुणालाच सवलत नाही. जी पोरगी पास होऊन बाहेर पडली, ती त्याच पन्नासाची रेघ ओलांडून आली. हे तोंडावर सांगायला शिका.

माझी आजी मांगवाड्यातली सुईण. अख्ख्या गावाची बाळंतपणं तिच्या हातनं झाली. नाळ कापायला तिचा हात चालायचा. बाळ न्हाऊन झालं की तिनं उंबऱ्याबाहेर. मजुरी सूपभर ज्वारी, तीही वरून टाकलेली. तेव्हा कुणी तिला टक्के विचारले नाहीत.

पण म्हणून मी असं म्हणणार नाही की आपल्या पोरींना मार्क वाढवून द्या. आज पेन माझ्या हातात आहे, म्हणून हे बोलते. दोन वर्षांमागे आपल्याच वस्तीतली एक पोरगी माझ्याकडे परीक्षेला होती. इन्सुलिनचं स्टेशन. इन्सुलिनच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या येतात, एका मिलीलीटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची केशरी. शंभरची बाटली आणि चाळीसची सिरिंज घेतली तर पेशंटला अडीचपट डोस जातो. साखर उतरते, माणूस बेशुद्ध होतो, मरतोही. पोरीनं नेमकं तेच केलं. मी तिला नापास केलं. ती संडासात जाऊन रडली. तिची आई मला येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही पण?"

त्या 'तुम्ही पण'नं मला दोन रात्री झोप लागली नाही. पण मार्क बदलले नाहीत. सरकारी वॉर्डातल्या खाटेवर कोण असतं? आपलाच बाप, आपलीच मावशी. ढिल्या हातानं दिलेला मार्क त्यांच्याच अंगात टोचला जातो. मी काय केलं, चेकलिस्ट त्या आईसमोर ठेवली. ही पायरी, ही चूक, हे मार्क गेले. मग पोरीला रोज संध्याकाळी दोन बाटल्या आणि दोन सिरिंजा घेऊन बसवलं. पुढच्या परीक्षेत ती पास झाली. आज ती नोकरीला आहे आणि वॉर्डातल्या नव्या पोरींना टोपणाचा रंग तीच शिकवते.

माझे तीन मार्क आणि तिचं नापास होणं, यात फरक एका कागदाचा आहे.

आता नियमांकडे या. २०२१ पासून इंडियन नर्सिंग कौन्सिलनं बी.एस्सी.ला सेमिस्टर आणि ग्रेड आणले. आता एफ म्हणजे नापास, सी म्हणजे पन्नास ते साठच्या आतले, वर बी, ए, आणि ८५ च्या पुढं ओ. अक्षरं बदलली, पण इंटर्नल तसंच कॉलेजच्या हातात राहिलं. लेखीत शंभरातले २५ इंटर्नल. त्यात दोन मार्क नुसत्या हजेरीचे, ९५ टक्क्यांच्या पुढं पुरे दोन, ८० च्या खाली शून्य. परीक्षेला बसायलाच ८० टक्के हजेरी लागते, लेखी तासांना वेगळी, वॉर्डातली वेगळी. आणि पदवी हातात पडण्याआधी वॉर्डातली हजेरी शंभर टक्के भरून द्यावी लागते. बाप वारला म्हणून आठ दिवस गावी गेलात, तर ते आठ दिवस वॉर्डात फेडायचे. फेडायला हरकत नाही, पेशंटजवळ उभं राहिल्याशिवाय नर्स होत नाही. पण कुणाचे दिवस लिहिले गेले आणि कुणाचे सिस्टरच्या डायरीतच राहिले, हे बघायला नको?

एटीकेटीचंही तसंच. राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात बसता येतं, पण पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं पाहिजे. चार वर्षांचा कोर्स जास्तीत जास्त आठ वर्षांत संपवायचा. हे पोरींना कधी कळतं? फॉर्म नाकारला जातो तेव्हा.

तर आता कामाचं बोलते, लिहून घ्या.

एक. पहिल्या आठवड्यात नियमांचं पुस्तक मागा. सीनियरनी सांगितलेला नियम हा नियम नव्हे.

दोन. हजेरीची स्वतःची वही ठेवा. रोज ड्यूटी संपली की इन्चार्ज सिस्टरची सही घ्या. लॉगबुकात प्रोसिजर त्याच दिवशी भरा.

तीन. प्रॅक्टिकलच्या आधी चेकलिस्ट मागा. नव्या अभ्यासक्रमात ओएससीई पद्धत आहे, म्हणजे एकेका स्टेशनवर सगळ्यांना तेच काम आणि तीच यादी. जिथं ती नीट चालते तिथं आडनावाला जागा कमी उरते. जिथं नुसती नावाला चालते तिथं सगळ्या बॅचनं मिळून अर्ज द्या. एकटीनं देऊ नका.

चार. इंटर्नल विद्यापीठाकडे जाण्याआधी दाखवा म्हणा. तोंडी नको, लेखी अर्ज, आणि पोच घ्या.

पाच. लेखी पेपरात शंका असेल तर माहितीच्या अधिकारात विद्यापीठाकडून स्वतःची उत्तरपत्रिका बघता येते. सुप्रीम कोर्टानं २०११ सालीच हा हक्क मान्य केलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लागतं. वडापावच्या किमतीत आपला पेपर.

आणि तुमच्यातले जे उद्या ट्यूटर होतील, परीक्षक होतील, त्यांना एकच सांगते. पेन हातात आलं की आपली माणसं तोंड बघून मार्क मागायला येतील. देऊ नका. दुसऱ्यांच्या पोरींचं तोंड बघून कापूही नका. आधी यादी लिहा, मग मार्क द्या, आणि मागेल त्या पोरीला ती यादी दाखवा.

माझी मार्कशीट मी अजून जपून ठेवलीय. दुसऱ्या वेळच्या मार्कशीटवर प्रॅक्टिकलला ६८ आहेत. तीच प्रोसिजर, तेच हात, परीक्षक दुसरे. त्या ६८ चाही कागद माझ्याजवळ नाही. ते तरी खरे होते का, हे मला कोण सांगणार?

जय भीम.