भूकंपाचा धक्का दूर जाताना



४ डिसेंबर २०२४ ची सकाळ आठवते? साडेसात वाजायला आले होते. कुणी डबे भरत होतं, कुणी अंगण झाडत होतं. तेवढ्यात मांडणीवरचे गंज खणखणले. वरच्या मजल्यावरच्यांना पलंग हलल्यासारखा वाटला, वावरात गेलेल्यांना काहीच कळलं नाही. त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही हप्त्यांआधी हाच विषय बोलत बसलो.

भूकंप झाला होता तेलंगणातल्या मुलुगू भागात, ५.३ रिश्टरचा. तिथून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. मग धक्का इथवर आला कसा, आणि एवढा हलका का झाला?

तळ्यात दगड टाका. लाट काठाला पोचेपर्यंत बारीक होते, कारण तिचा जोर मोठ्या घेरात वाटला जातो. जमिनीतही तसंच, शिवाय थोडा जोर वाटेतला खडक जिरवतो. लग्नाचा बँड लांब असला की पिपाणी ऐकू येत नाही, ढोलाची धमधम तेवढी येते. तसे भूकंपाचे जलद हादरे लवकर विरतात, संथ हेलकावे दूर जातात. म्हणून ते उंच इमारतीत जास्त जाणवतात.

पण नुसत्या अंतरावर विसंबू नका. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला, तरी दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या. नदीच्या गाळाची मऊ जमीन हेलकावे वाढवते.

आणि किल्लारी? त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप जवळच झाला. धक्का विरायला अंतरच नव्हतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो जीव गेले.

भूकंप किती दूर होईल हे आपल्या हातात नाही, भिंत आहे. घरासाठी गटातून कर्ज घेताना मिस्त्रीला एक गोष्ट नक्की विचारा: दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंती बांधून ठेवणारा सळईचा काँक्रीट पट्टा टाकणार ना? टाइल्स पुढच्या वर्षी बसवल्या तरी चालतील. आणि आज घरी गेल्यावर पलंगाच्या वरच्या फळीवरचे जड डबे खाली उतरवा. आम्ही उतरवलेत.