मोटारीची किंमत आणि प्रतीक्षा

म्हैसूरजवळचे हुणसूर बैलगाड्यांसाठी नावाजलेले होते. लष्करासाठी गाडे बांधणारा तेथील सरकारी कारखाना १८६४ साली मोडला, तरी ते कसब गावात टिकले. अशा गाडीचा भाव कारागिरासमोर बसून ठरवावा.

मोटारीचे तसे राहिले नाही. स्वातंत्र्यानंतर मोटारी थोड्याच निघत. १९६९ साली सरकारने त्यांची किंमतही बांधून दिली. वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या, कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाटसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबे. घासाघीस मात्र संपली नाही. ती विक्रेत्याची पेढी सोडून, ज्याचा क्रमांक आधी लागला त्याच्या दारी गेली. तेथे भाव चढाच असे.

टंचाईचे मोल कोणीतरी देतोच. कधी पैशांनी, तर कधी आयुष्यातील वर्षांनी.