पेशींतील उघडी आणि मिटलेली दारे

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे. धरणात पाणी असले, तरी शेत भिजते ते चारीचे दार उघडल्यावरच, हे आपणांस सांगावयास नको.

मानवी पेशीतही असेच घडते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. परंतु मेंदूच्या पेशीत काही उघडी व काही मिटलेली असतात, त्वचेच्या पेशीत निराळी. डीएनएवर बसणारे मिथाइल गट हे या दारांचे एक कुलूप होय. जनुकाचा मजकूर न बदलता होणाऱ्या अशा फेरफारांना एपिजेनेटिक, म्हणजेच अधिजनुकीय बदल म्हणतात.

मेंदूतील ग्लायोमा या गाठीत ही व्यवस्था बिघडते. काही गाठींत आयडीएच नावाच्या जनुकात दोष उत्पन्न होतो. त्यातून साचणारे रसायन कुलपे काढणाऱ्या विकरांनाच अडविते. पुष्कळ दारे मिटलेलीच राहतात. पेशी परिपक्व न होता विभागत राहते. या सदोष विकरास रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधास अमेरिकेत 2024 साली मान्यता मिळाली.

मात्र मिटलेले दार कधी रुग्णाच्या पथ्यावरही पडते. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला इजा करते; एमजीएमटी जनुकापासून बनणारे प्रथिन ती इजा दुरुस्त करते. हे जनुक मिटलेले असेल, तर औषध अधिक गुणकारी ठरते. ग्लायोब्लास्टोमा या उग्र गाठीच्या अशा रुग्णांत केवळ किरणोपचाराने मध्यक आयुर्मान 15.3 महिने, तर सोबत हे औषध दिल्यास 21.7 महिने आढळले, असे 2005 साली प्रसिद्ध झाले. लाभ मर्यादित आहे. पण त्या कुटुंबास त्याचे मोल मोठे आहे.

म्हणून गाठीचे केवळ नाव पुरेसे नाही. तिच्या दारांची तपासणीही हवी. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केला जातो. तो व त्याचा अहवाल पुढील उपचारांच्या वेळी सोबत न्यावा, हे गावोगावी सांगावे.

सकाळी डोके दुखून उलट्या होणे, प्रौढ वयात प्रथमच फिट येणे, एका बाजूचे हातपाय दुबळे होणे, ही लक्षणे अन्य विकारांतही दिसतात. तरीही अशा रुग्णास अंगारे-धुपाऱ्यांत न अडकविता त्वरित दवाखान्यात न्यावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे केले, तरी विज्ञानाचे पाणी गरजूच्या शेतापर्यंत पोहोचेल.