बनीम, चोर आणि कायदा

सोयाबीन काढणीचे दिवस आहेत. रानात बनिमी लागल्यात आणि घरचा माणूस रातच्याला राखणीला जातोय. परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "चोर सापडला, हाणला आन् त्यात मेला, तर आपल्यावर केस होती का?"

होते. नीट ऐका.

चोरापासून माल राखायचा हक्क आपल्याला आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण मालासाठी समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, अशी मुभा कलम ४१ मध्ये चारच प्रसंगी आहे. एक, जबरी चोरी किंवा दरोडा. दोन, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंतची घरफोडी. तीन, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या इमारतीला आग लावणं. चार, चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं अशा तऱ्हेनं, की आपण अडवलं नाही तर आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. तेव्हाही गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

आता आपलं रान बघा. उघड्यावरची बनीम म्हणजे घर नव्हे. चोर नुसतेच कट्टे उचलत असेल, तर त्याला अडवा, माल सोडवा. जीव घेता येत नाही. कट्टे टाकून तो पळाला, तर पाठलाग करून मारणं हा बचाव होत नाही. आणि बांधाच्या तारेत करंट तर सोडूच नका. तारेला चोर आणि शेजारची लेक सारखीच.

१६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं चोर आल्याच्या अफवेवरून जमावानं दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला. ते चोर नव्हतेच. शंभरावर माणसं अटकेत गेली.

वर्षाची कमाई रानात पडलेली असते, राग येणारच. पण राखणीला दोघं-तिघं मिळून जा. बॅटरी, शिट्टी आणि पोलीस पाटलांचा नंबर जवळ असू द्या. ११२ ला फोन करा. चोरी करताना कुणी हाती लागलाच, तर मारहाण न करता लगेच, उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्या.

आज रात्री भाकरी बांधून देताना एवढं घरच्या माणसाला सांगा, मगच त्याला रानात पाठवा.