कॅथलॅबमधील तंत्रज्ञ आणि त्याचे शिक्षण



आपल्या पिंपरी-चिंचवडात यंत्राची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. घरोघरी कोणी फिटर आहे, कोणी टर्नर, कोणी तपासणी खात्यात गेज हाती घेऊन बसणारा. चाकणच्या पट्ट्यात तर मोटारींबरोबर रुग्णालयांना लागणारी क्ष-किरण यंत्रेही तयार होतात; फिलिप्स कंपनीचा कारखाना तेथेच आहे. ही यंत्रे बनविणारे हात कसे तयार होतात ते आपण जाणतो. तीच यंत्रे माणसाच्या हृदयापाशी चालविणारे हात कसे तयार व्हावेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे फोर्समान या तरुण डॉक्टराने दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत सरकविली, आणि तशीच ती अंगात ठेवून क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन चित्र काढून घेतले. 1956 साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे 1977 साली झुरिक येथे ग्रुंटझिग यांनी अशाच नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद केली. आज आपण ज्यास अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी म्हणतो, ती ज्या खोलीत होते ती कॅथलॅब.

नातेवाइकांना डॉक्टरांचे नाव ठाऊक असते. पडद्यासमोरच्या तंत्रज्ञाचे नसते. त्याचे काम काय? क्ष-किरणांची कमान योग्य कोनात आणणे, चित्रे नोंदविणे, मागितलेला स्टेंट नेमक्या मापाचा हाती देणे, आणि हृदयाच्या विद्युत्‌लेखावर व रक्तदाबाच्या लहरीवर अखंड नजर ठेवणे. नळीचे टोक रक्तवाहिनीच्या मुखात रुतले, तर दाबाची लहर एकाएकी बसते. डॉक्टरांचे लक्ष चित्राकडे असते. त्या क्षणी ‘दाब उतरला’ असे स्पष्ट शब्दांत सांगणारा माणूस तेथे हवा.

दाब मोजणारे साधन हृदयाच्या पातळीस नसेल, तर आकडाच खोटा येतो. ते दहा सेंटिमीटर खाली राहिले, तर दाब सुमारे साडेसात मिलिमीटरने अधिक दिसतो. कारखान्यात गेज चुकले तर नग बाद होतो. येथे टेबलावर कोणाचे तरी वडील असतात.

या कामात तंत्रज्ञास स्वतःलाही जपावे लागते. रुग्णाच्या शरीरावर आदळून क्ष-किरण खोलीभर विखुरतात. शिशाचा अंगरखा आणि गळपट्टा घालणे, छातीशी मात्रा मोजणारा बिल्ला लावणे, ही रोजची शिस्त होय. अंतर दुप्पट केले, तर किरणांची मात्रा सुमारे चौथाईवर येते. अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास 20 मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी 30, अशी मर्यादा घातली आहे. उकडते म्हणून बिल्ला खुंटीला अडकवून ठेवणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो.

आता पालकांसाठी दोन शब्द. बारावीला विज्ञान, त्यानंतर साधारणतः तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि एक वर्षाची रुग्णालयातील उमेदवारी, हा या विद्येचा राजमार्ग आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने अशा संलग्न आरोग्य व्यवसायांच्या पदविका-पदवीसाठीदेखील दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे शिक्षण ठरविले आहे. तरीही ‘तीन महिन्यांत तंत्रज्ञ व्हा’ अशी पाटी पाहून कोणी घरातले दागिने गहाण ठेवणार असेल, तर त्याने आधी तीन प्रश्न विचारावेत: अभ्यासक्रमास विद्यापीठाची मान्यता आहे काय? विद्यार्थी कोणत्या रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये उभा राहणार? आणि त्यास तेथे शिकविणार कोण? उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर पैसे भरू नयेत.

मध्यरात्री छातीत कळ घेऊन आलेल्या कामगारासाठी डॉक्टर धावत येतात, तसा हा तंत्रज्ञही धावत येतो. या गावाने सूक्ष्म मापाची सवय असलेल्या दोन-तीन पिढ्या घडविल्या. त्यांच्या नातवंडांनी, मुलांप्रमाणेच मुलींनीही, ही विद्या पूर्ण वेळ देऊन शिकावी, आणि गावानेही त्यांस ‘बटण दाबणारा’ न म्हणता मान द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.