पाते आणि मूठ
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



लोहारांच्या मेळाव्यात सुरी घडविण्याविषयी बोलणे म्हणजे माशाला पोहावयास शिकविण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. तथापि चिटणीसांचा आग्रह मोडवला नाही. शिवाय आपल्यापैकी अनेक घरांतील भाता आता थंडावला असून मुले कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली आहेत. तेव्हा पुनरुक्तीचा दोष पत्करून चार शब्द बोलतो.

पात्याविषयी थोडक्यात सांगतो. ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा लाल तापवून घणाखाली ताणावा व कानशीने आकारास आणावा. पाणी देण्याची वेळ लोहचुंबकाने ओळखता येते. सुमारे ७७० अंश सेल्सियसला तापल्या पोलादास चुंबक धरीत नाही. त्याहून किंचित अधिक ताव येताच ते कोमट तेलात बुडवावे. या पोलादास साधे पाणी मानवत नाही, पाते तडकण्याचे भय असते. नंतर घासून उजळ करून, गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग उमटेपर्यंत मंद आचेवर नरमवावे. असो.

आमचा विषय मूठ हा आहे, कारण आमची चूक तेथेच झाली.

१९८६ च्या पावसाळ्यात भाजी विकणाऱ्या एका बाईंनी भोपळा कापण्याची सुरी सांगितली. बाजार दोन दिवसांवर आला होता आणि घरी मुरलेले लाकूड नव्हते. आम्ही परसातील बाभळीची नुकतीच तोडलेली फांदी घेतली. ओले लाकूड कापावयास मऊ. मूठ सुरेख उतरली. वडिलांनी सुरी हाती तोलून ‘लाकूड कोणते?’ एवढेच विचारले. आम्ही ‘बाभूळ’ म्हणालो. ते खोटे नव्हते; परंतु ‘ओली’ हा शब्द आम्ही गिळला.

चैत्रात बाई पुन्हा आल्या त्या तळहाताला पट्टी बांधून. लाकूड वाळता वाळता आखडले, आतल्या लोखंडाने जागा सोडली नाही, म्हणून मूठ उभी तडकली. भोपळ्यावर जोर देताना पाते आतल्या आत फिरले. बाईंनी पैसे परत मागितले नाहीत. दुसरी मूठ बसवून द्या, एवढेच म्हणाल्या. वडील त्या दिवशी आमच्याशी बोलले नाहीत.

ती दुसरी मूठ त्यांनी म्हशीच्या शिंगाची केली. शिंगाचे टोक तेवढे भरीव असते, बाकीचे पोकळ. पोकळ भाग तापवून दाबला की सपाट होतो व त्याच्या पट्ट्या निघतात. मुठीस त्यांनी टोक घेतले. घासताना जळक्या केसांसारखी घाण सुटते, आणि ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे. मूठ भोक पाडून, लाख व विटेची पूड यांचे मिश्रण भरून, पात्याचे शेपूट तापवून आत बसवावी. तोंडाशी पितळेची शेंबी चढवावी. अशी सुरी ऊन पाण्यात भिजत टाकू नये, लाख सुटते, हे घरातील भगिनींनी व आता बंधूंनीही ध्यानी धरावे.

लाकूडच हवे असल्यास शिसव किंवा खैर घ्यावा. टोकांना मेण लावून तो सावलीत मुरवावा. इंचभर जाडीस एक वर्ष असा जुना हिशेब आहे. सांबरशिंगाची मूठ पूर्वी मोठी मानाची समजत. त्या शिंगाचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, मग ते रानात गळून पडलेले का असेना. कोणी आणून दिले तरी घेऊ नये.

त्या बाईंच्या सूनबाईंनी ती सुरी आजच्या दिवसापुरती आम्हांस दिली आहे. पाते झिजून बोटभर रुंदीचे उरले आहे. मूठ अद्याप हललेली नाही. ती व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेविली आहे. भोजनाच्या पंक्ती बसण्यापूर्वी अवश्य पाहावी. मात्र मुलांना जवळ सोडू नये, तिला कालच धार लाविली आहे.