हेड उतरवायचं, पण का? सिलिंडर हेड काढणं आणि बसवणं

(ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय इंजिनाचं सिलिंडर हेड. घाट चढताना काटा लाल रेघेवर गेला, गाडी गॅरेजमध्ये आली आणि मिस्तरी म्हणाले, "हेड उतरवावं लागेल." हे वाक्य ऐकलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. काम मोठं आहे हे खरंच. पण त्यात नेमकं काय करतात हे माहीत असलं, तर पैसे कुठे जातात ते कळतं.

आधी खात्री करा. कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. त्यातही नुसत्या धुरावरून ठरवू नका, थंडीत सकाळी थोडी वाफ निघतेच. कम्प्रेशन तपासून घ्या. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, थेट तोंडावर येतं.

आता हेड उतरवायचं. पहिला नियम, इंजिन पूर्ण थंड हवं. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. अॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. गरम हेडचे बोल्ट सोडले, तर ते वाकायची भीती असते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कूलंट खाली सोडा. काढण्याआधी प्रत्येक पाइप आणि कनेक्टरचा मोबाइलवर फोटो घ्या. मग पहिला पिस्टन वर, म्हणजे टीडीसीला आणून टाइमिंगच्या खुणा जुळवा आणि नंतरच बेल्ट काढा. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करायचे. हेड चिकटून बसलं असेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर चरा पडला, की पुढे तिथूनच गळती.

हेड टेबलावर आलं की खरी तपासणी सुरू होते. सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज घालून बघायचं. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा. त्याहून जास्त वाकलं असेल तर फेसिंग मारून घ्यावं लागतं. तडा आहे का, तेही वर्कशॉपमध्ये दाब देऊन तपासून घ्या. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही याच पट्टीने बघायचा. तो बरेचजण विसरतात.

जुनं गॅस्केट खरवडताना पॉलिश पेपर वापरू नका. त्याची धूळ ऑइलच्या वाटेत जाते आणि बेअरिंग खाते. बोल्टच्या भोकांतलं तेलपाणीही पुसून काढा. तळाशी द्रव राहिला तर बोल्ट घट्ट करताना तो दाबला जाऊन ब्लॉक फुटू शकतो.

बसवताना क्रम उलटा. नवं गॅस्केट कोरडंच बसवायचं, वरची बाजू वरच ठेवून. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. "हाताला अंदाज आहे" हे इथे चालत नाही. काही इंजिनांत बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर अंशांत फिरवतात. असे ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. नव्यांचे पैसे द्या.

बेल्ट चढवला की स्टार्टर मारू नका. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. तेवढ्यात कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि खुणा परत जुळायला हव्यात. मध्येच अडलं तर थांबा. काही इंजिनांत टाइमिंग चुकलं की व्हॉल्व पिस्टनला भिडतात. मग नवं कूलंट भरा, हवा काढा, ऑइल-फिल्टर बदला. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर हा बदल टाळायचाच नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हेड गॅस्केट बहुतेक वेळा स्वतःहून जात नाही, गाडी तापते म्हणून जातं. मग तापली का? थर्मोस्टॅट अडकलाय, फॅन चालत नाही, रेडिएटर चोंदलाय, की वॉटर पंप गेलाय? कारण शोधलं नाही तर नवं गॅस्केटही जाईल आणि तोच खर्च पुन्हा. म्हणून मिस्तरींना तीन गोष्टी विचारा: हेड किती वाकलं होतं, बोल्ट नवे घातले का, आणि गाडी तापायचं कारण काय सापडलं? चांगला मिस्तरी न रागावता सांगतो, जुने भागही दाखवतो.

तर मंडळी, काटा वर जाताना दिसला की गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणून ओढू नका. टो करायचा खर्च हेडच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!